गोविंद नारायण माडगांवकर आणि मुंबई पाहण्याची रीत



कापसाची वेचणी संपत आली, म्हणजे वऱ्हाडांतील गांवोगांवीं माणसांच्या मनास थोडी उसंत मिळते आणि प्रवासाच्या गोष्टी निघूं लागतात. यंदा अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील आमच्या कांहीं मंडळ्यांत एकच विषय चालू आहे. तीन दिवसांसाठीं सर्वांनीं मिळून मुंबई पाहून यावें, असें घाटत आहे. तरुणांनीं पाहावयाच्या स्थळांच्या लांबलचक याद्या केल्या आहेत, माताभगिनींनीं आठवड्याचे थोडेथोडे पैसे बाजूस टाकण्यास आरंभ केला आहे, आणि दोघां-तिघां वृद्धांची एवढीच इच्छा आहे कीं, डोळे मिटण्यापूर्वीं एकदां समुद्र दृष्टीस पडावा. काय पाहावें, किती पाहावें आणि त्यासाठीं किती खर्च करावा, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारिलें. त्याचें उत्तर आम्ही एका मनुष्याच्या चरित्राच्या द्वारें देऊं इच्छितों. मुंबई शहराविषयीं मराठी भाषेंत पहिलें मोठें पुस्तक लिहिणारे गोविंद नारायण माडगांवकर हे ते गृहस्थ होत.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. पाळकपणाच्या अगदीं पहिल्या वर्षांत आम्हीं मोठ्या हौसेनें अकरा जणांस घेऊन मुंबई गांठली होती. दोन दिवसांत सतरा स्थळें पाहावयाचीं, असा आमचा बेत होता. आम्ही धांवलों, गाड्या बदलल्या, उन्हांत रांगा धरल्या, आणि एकाहि ठिकाणीं अर्ध्या घटकेपेक्षां अधिक उभे राहिलों नाहीं. परत आल्यावर शब्बाथ शाळेंत एका मुलास, तूं काय पाहिलेंस, असें विचारिलें, तेव्हां त्यास गर्दीखेरीज कांहींच आठवेना. याहून वाईट गोष्ट आम्हांस मागाहून कळली. त्या अकरा जणांत ज्या दोन कुटुंबांचीं माणसें होतीं, त्यांनीं सावकाराकडून व्याजानें रक्कम उचलली होती. कारण, पाळकसाहेब स्वतः नेत आहेत, तर नाहीं कसें म्हणावें, अशी त्यांस लाज वाटली. दोन दिवसांच्या मुंबईची किंमत तीं कुटुंबें पुढील हंगाम हातीं येईपर्यंत फेडीत होतीं. हा दोष त्यांचा नव्हता, आमचा होता. आम्हीं बेत केला, परंतु हिशेब केला नाहीं. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्च मोजावा, हा आपल्या प्रभूचा दृष्टांत आम्हीं व्यासपीठावरून कितीदां तरी समजावून सांगितला होता. स्वतः मात्र तो पाळला नाहीं. म्हणून यंदा तीच चूक पुन्हां होऊं नये, यासाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों.

गोविंद नारायण यांचा जन्म १८१५ सालीं गोव्यांतील मडगांव येथें झाला. गोवा तेव्हां पोर्तुगीज सरकारच्या अमलाखालीं होता. १८२४ सालीं, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास, ते आपल्या कुटुंबासह मुंबईस आले आणि पुढें तेथलेच झाले. पेशवाई बुडून तेव्हां अवघीं सहा वर्षें झालीं होतीं, आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर होते. आजच्या मानानें तें शहर लहान होतें. व्यापाऱ्यांच्या पेढ्या व सरकारी कचेऱ्या किल्ल्याच्या तटाच्या आंत होत्या. तटाबाहेर मोकळें मैदान होतें. त्यापलीकडे देशी लोकांची दाट वस्ती, आणि तिच्याहि पुढें नारळीच्या वाड्या व भातखाचरें होतीं. तथापि मडगांवाहून आलेल्या एका लहान मुलास तेंहि अफाटच वाटलें असेल. वाचकहो, ही गोष्ट ध्यानांत ठेवा. ज्या मनुष्यानें पुढें मुंबईची ओळख महाराष्ट्रास करून दिली, तो स्वतः त्या शहरांत परका म्हणूनच आला होता. आपल्या खेड्यांतील जो कोणी मुंबईच्या स्थानकावर उतरून क्षणभर भांबावून उभा राहतो, त्याच्या जागीं एके काळीं तेहि उभे होते.

ज्या काळांत ते वाढले, तो महाराष्ट्रांत नव्या विद्येच्या उगवतीचा काळ होता. मराठींत शाळेचीं पुस्तकें प्रथमच छापलीं जात होतीं. अमेरिकन मिशनरी १८१३ सालापासून मुंबईंत काम करीत होते व त्यांच्या शाळा चालू होत्या. १८२९ सालीं स्कॉटलंडांतून डॉक्टर जॉन विल्सन आले आणि त्यांनीं १८३२ सालीं आपली इंग्रजी शाळा काढिली. त्याच वर्षाच्या जानेवारी महिन्यांत बाळशास्त्री जांभेकरांचें दर्पण हें पत्र निघालें. या हवेंत गोविंद नारायण शिकले, आणि मोठे झाल्यावर त्यांनीं शिक्षकाचाच धंदा पत्करिला. डॉक्टर विल्सन यांची ती शाळा पुढें फ्री जनरल असेंब्लीची शाळा या नांवानें प्रसिद्ध झाली. तींत गोविंद नारायण यांनीं आपल्या आयुष्याचा मोठा भाग अध्यापनांत घालविला.

या शाळेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तिचा व आपल्या मंडळ्यांचा जुना संबंध आहे. तिच्याच विद्यार्थ्यांपैकीं नारायण शेषाद्रि यांनीं १८४३ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुढें आपल्या वऱ्हाडाच्या शेजारीं जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती लोकांची वसाहत वसविली. त्यापूर्वीं १८३९ सालीं दोन पारशी तरुणांच्या धर्मांतरामुळें मुंबईंत मोठी खळबळ उडाली होती व पुष्कळ पालकांनीं आपलीं मुलें शाळेंतून काढून नेलीं होतीं. गोविंद नारायण हे हिंदु होते व अखेरपर्यंत हिंदुच राहिले. मिशनच्या शाळेंत राहून आपल्या समाजांतहि मान राखणें, त्या काळीं सोपें नव्हतें. तें त्यांनीं साधलें. याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, वादापेक्षां लोकांच्या रोजच्या कल्याणाकडे त्यांचें लक्ष अधिक होतें.

त्यांच्या लिखाणावरून ही गोष्ट स्पष्ट होते. १८४८ सालीं मुंबईंत उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करण्यासाठीं तरुण विद्वानांनीं सभा स्थापिली, आणि देशी भाषांत निबंध वाचण्याचा प्रघात पडला. गोविंद नारायण त्या पिढीचे लेखक. त्यांनीं निवडलेले विषय पाहिले, म्हणजे ते कोणासाठीं लिहीत होते हें कळतें. शरीर, घर व आळी स्वच्छ ठेवण्याविषयीं त्यांनीं शुचिर्भूतपणा हें पुस्तक लिहिलें. कर्ज काढण्याच्या खोडीविरुद्ध ऋणनिषेधक बोध लिहिला. दारूच्या दुष्परिणामांविषयींहि त्यांनीं स्वतंत्र पुस्तक लिहिलें. घाण, कर्ज आणि दारू हे तीन शत्रु खेड्यांत आहेत तसे शहरांतहि आहेत; किंबहुना शहरांत ते अधिक सुंदर वेष घेऊन भेटतात. मुंबईंत अनेक वर्षें राहिलेल्या, रस्त्यावरून डोळे उघडे ठेवून चालणाऱ्या शिक्षकास हें दिसलें, यांत नवल नाहीं.

त्यांच्या डोळ्यांदेखत मुंबईचें रूप किती बदललें, हें पाहण्याजोगें आहे. ते अठरा वर्षांचे असतांना, १८३३ सालीं, किल्ल्यांतील टाउन हॉलची भव्य इमारत पुरी झाली. १८४५ सालीं सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नांवाचें रुग्णालय सुरू झालें. त्याच वर्षीं माहीमची खाडी ओलांडणारा बांध रहदारीस खुला झाला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी धांवली. १८५६ सालीं कापसाची पहिली गिरणी चालू झाली. १८५७ सालीं विद्यापीठाची स्थापना झाली. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळांनीं शहरांत आलें, आणि विहिरी व तळीं यांवर जगणाऱ्या लोकांचा मोठा त्रास कमी झाला. १८६२ सालीं भायखळ्याची बाग लोकांस खुली झाली, आणि त्याच सुमारास किल्ल्याचे जुने तट पाडण्यास आरंभ झाला. लहानपणीं ज्या तटाच्या दरवाज्यांतून ते ये-जा करीत असतील, तो तट जमीनदोस्त होत असतांना ते आपलें पुस्तक लिहीत होते.

तें पुस्तक म्हणजे मुंबईचें वर्णन. १८६३ सालीं तें प्रसिद्ध झालें. मुंबई मुळांत सात बेटांची कशी होती, ती पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजास लग्नाच्या आंदणांत कशी मिळाली, आणि तेथून कंपनीकडे कशी गेली, हा पूर्वीचा इतिहास त्यांत आहे. पण केवळ राजांची व गव्हर्नरांची हकीकत सांगून लेखक थांबत नाहीं. देवळें, तळीं, रस्ते, बाजार, गिरण्या, आगगाडी, कचेऱ्या, शाळा, रुग्णालयें, नाना जातींचे व नाना देशांचे लोक, त्यांचे धंदे व त्यांच्या चालीरीती, या सर्वांचें वर्णन त्यांनीं एका ठिकाणीं आणिलें. मुंबई न पाहिलेल्या मनुष्यास ती समजावी, आणि मुंबईंत राहणाऱ्यासहि आपलें शहर नव्यानें कळावें, असें तें पुस्तक आहे. शंभराहून अधिक वर्षांनंतरहि इतिहासाचे अभ्यासक त्याचा आधार घेतात, आणि या एकविसाव्या शतकांत त्याचें इंग्रजींत भाषांतरहि झालें आहे.

या पुस्तकाच्या मागची जी रीत, तीच आज आम्हांस तुमच्यापुढें ठेवावयाची आहे. गोविंद नारायण शहराकडे तोंड वासून पाहत नाहींत. एखादी वास्तु दिसली, तर ती कोणीं बांधली, केव्हां बांधली, तिला पैसा कोठून आला आणि तिचा लोकांस उपयोग काय, असे प्रश्न ते विचारतात. उंच इमारत पाहून दिपून जाणें हें डोळ्यांचें काम आहे. तिच्याविषयीं विचारणें हें मनाचें काम आहे. डोळे दिपले तर घरीं येईपर्यंत सर्व विसरतें. मनानें विचारिलें तर जन्मभर राहतें. आमच्या सतरा स्थळांच्या सहलींत नेमकें हेंच राहून गेलें होतें. आजच्या तरुणांच्या हातांत फोन आहे, आणि मुंबईचें एकेक स्थळ त्यांनीं चित्रांत शंभर वेळां पाहिलेलें आहे. तेंच चित्र स्वतःच्या फोनवर काढून आणण्यासाठीं इतक्या दूर जाण्याचें कांहीं कारण नाहीं.

आतां वऱ्हाडच्या वाचकांनीं पुढील गोष्ट विशेष लक्ष देऊन वाचावी. गोविंद नारायण यांचें पुस्तक निघालें, त्या वेळीं मुंबईंत पैशाचा पूर आला होता, आणि त्या पुराचें एक उगमस्थान आपलीं शेतें होतीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. तेथील दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि सारी मागणी हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडची काळी जमीन कापसासाठीं पूर्वीपासून प्रसिद्ध होती. एके काळीं अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून दूर गंगेकांठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. आतां तो मुंबईच्या बंदराकडे वाहूं लागला. भाव चढले, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हातीं अपार संपत्ति आली.

त्या संपत्तीचें काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, नव्या पेढ्या निघाल्या, आणि त्यांच्या भागांच्या सट्ट्यांत श्रीमंतांपासून सामान्य कारकुनांपर्यंत सर्वांनीं उडी घेतली. पुष्कळांनीं उसनवारीच्या पैशावर भाग विकत घेतले. १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत मुंबईंतील मोठमोठ्या पेढ्यांचें दिवाळें वाजलें. ज्या शिक्षकानें कर्जाच्या खोडीविरुद्ध पुस्तक लिहून ठेविलें होतें, त्याच्याच शहरानें तो धडा इतक्या जबर किंमतीस शिकावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. त्याच १८६५ सालीं गोविंद नारायण माडगांवकर यांचें देहावसान झालें. तेव्हां त्यांचें वय सुमारें पन्नास वर्षांचें होतें.

सगळाच पैसा बुडाला असें मात्र नाहीं. कापसाच्या व्यापारांत नांवाजलेले प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या भरभराटीच्या दिवसांत विद्यापीठास ग्रंथालयासाठीं व मनोऱ्यासाठीं मोठी देणगी दिली होती. सट्टा कोसळला तेव्हां त्यांचेंहि फार नुकसान झालें. पण दिलेलें दान राहिलें. त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला, व तो आजहि उभा आहे. वाचकहो, तुम्ही मुंबईस जाऊन तो मनोरा पाहाल, तेव्हां मान वर करून पाहा, परंतु मनानें लहान होऊं नका. ज्या व्यापारांतून तो उभा राहिला, त्या व्यापारांत वऱ्हाडच्या पऱ्हाटीचा, आणि ती निंदणाऱ्या व वेचणाऱ्या हातांचा वांटा होता. त्या हातांचीं नांवें कोणत्याहि दगडावर कोरलेलीं नाहींत. तुमच्या पणज्यांच्या पणज्या त्यांत असतील. आपलें धोतर वा लुगडें शहरी लोकांच्या कपड्यांपुढें ओशाळवाणें वाटून ज्यांस तेथें मान खालीं घालाविशी वाटते, त्यांनीं ही गोष्ट मनांत धरून चालावें.

गोविंद नारायण यांनीं जी आगगाडी ठाण्यास जातांना पाहिली, तीच वाढत वाढत घाट चढून खानदेशांत उतरली, अकोला व बडनेरा हीं स्थानकें मागें टाकून १८६७ सालीं नागपुरास पोंचली, आणि पुढें बडनेऱ्याहून अमरावतीस फांटा आला. वऱ्हाड व मुंबई यांमधील हें अंतर तुटलेलें पाहण्यास ते जगले नाहींत. आज अकोल्याहून मुंबई लोहमार्गानें सुमारें ५८० किलोमीटर व अमरावतीहून सुमारें ६७० किलोमीटर आहे. रात्रीं गाडींत बसावें व सकाळीं मुंबईंत उतरावें, इतकें तें सोपें झालें आहे. परंतु वाट सोपी झाली म्हणून पाहणेंहि आपोआप होतें, असें नाहीं.

तेव्हां या चरित्रावरून तुमच्या तीन दिवसांचा बेत कसा करावा, हें आतां सांगतों.

पहिली गोष्ट पैशाची. जाणाऱ्या प्रत्येकानें आपला वांटा निघण्यापूर्वीं मंडळीच्या पेटींत आठवड्याआठवड्यानें जमा करावा, आणि ज्याचा वांटा जमला नाहीं त्यानें यंदा थांबावें, पुढील वर्षीं जावें. कोणी थांबला, तर त्यास कोणीं विचारूं नये व तो कोणापुढें कमी ठरूं नये. ही जबाबदारी पाळकाची व पंचांची आहे. गाडीचें भाडें, उतरण्याच्या जागेचें भाडें, जेवण, शहरांतील प्रवास आणि आजारपणासाठीं थोडी शिल्लक, असे पांच रकाने मांडून हिशेब मंडळीपुढें वाचून दाखवावा. गाडींतील जागा व उतरण्याची सोय दोन्ही आधीं पक्क्या केल्याखेरीज गांव सोडूं नये. रात्रीं परक्या शहरांत म्हातारीं माणसें घेऊन जागा शोधीत फिरणें, हें पाहणें नव्हे, छळणें आहे.

दुसरी गोष्ट निवडीची. मुंबईंत सुमारें चाळीस वर्षें काढून गोविंद नारायण यांनीं तिचें वर्णन केलें. तुम्हांस तीन दिवस आहेत. म्हणून दिवसाला एकच भाग घ्यावा. पहिला दिवस किल्ल्याच्या भागास द्यावा. जेथें गाडी पोंचते, तें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसच पहिलें प्रेक्षणीय स्थळ आहे. ही इमारत १८८८ सालीं पुरी झाली, आणि २००४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत तिची नोंद झाली. जिच्यावरून मुंबई हें नांव पडलें, त्या मुंबादेवीचें जुनें देऊळ पूर्वीं याच परिसरांत होतें. तेथून टाउन हॉल, राजाबाई मनोरा, आणि शेवटीं १९२४ सालीं पुरें झालेलें गेटवे ऑफ इंडिया, एवढें पायीं व सावकाश पाहावें. घारापुरीचीं लेणीं पाहावयाचीं असल्यास होडी गेटवेपासूनच सुटते. परंतु लेणीं सोमवारीं बंद असतात, हें वार ठरवितांना विसरूं नये.

दुसरा दिवस भायखळ्यास द्यावा. गोविंद नारायण यांच्या हयातींत खुली झालेली ती बाग आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नांवानें ओळखली जाते. ती बुधवारीं बंद असते. तिच्याजवळच डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या नांवाचें संग्रहालय आहे. तें १८७२ सालीं खुलें झालें. त्याच बाजूस जमशेटजींचें रुग्णालय आहे. त्याच्याजवळ आपल्याच अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेले गाडगे महाराज यांनीं परगांवच्या रोग्यांच्या नातलगांसाठीं धर्मशाळा बांधविली. मुंबईंत वऱ्हाडच्या मनुष्यानें मुद्दाम जाऊन पाहावें असें तें ठिकाण आहे. शहरांत आलेला गरीब मनुष्य रात्रीं कोठें टेकतो, हा प्रश्न त्या एका खेडुतानें विचारिला व त्याचें उत्तर विटांनीं दिलें.

तिसरा दिवस गिरगांवास द्यावा. सकाळीं चौपाटीसमोरील विल्सन कॉलेजची १८८९ सालची इमारत बाहेरून पाहावी; ज्या शाळेंत गोविंद नारायण शिकवीत होते, तिच्यांतूनच हें विद्यालय वाढलें. नंतर दुपार विश्रांतीस द्यावी, आणि सायंकाळ केवळ समुद्रासाठीं ठेवावी. वृद्धांस वाळूंत बसूं द्यावें. त्यांस कोणीं घाई करूं नये, हांका मारूं नयेत. ज्यांनीं जन्मभर आभाळाकडे पाहून शेती केली, त्यांस एवढें पाणी एकदां डोळाभर पाहूं देणें, हाच कदाचित् या सहलीचा सर्वांत मोठा लाभ ठरेल.

तिसरी गोष्ट परत आल्यानंतरची. निघण्यापूर्वीं प्रत्येक मुलास एक प्रश्न नेमून द्यावा. टाउन हॉल कोणीं बांधिला, विहारचें पाणी केव्हां आलें, रुग्णालयास पैसा कोणीं दिला, असे ते प्रश्न असावे. परत आल्यावर रविवारीं दुपारीं मंडळी जमवून, जे गेले त्यांनीं जे राहिले त्यांस आपापलें उत्तर सांगावें. एकानें पाहिलेलें दहांनीं ऐकिलें, म्हणजे एका तिकिटांत दहा जण मुंबईस जाऊन आले असें होईल. गोविंद नारायण यांनीं तरी दुसरें काय केलें? आपण पाहिलें तें आपल्यापाशीं न ठेवितां, जे येऊं शकत नव्हते त्यांच्या हातीं दिलें.

ते धनवान् नव्हते, अधिकारी नव्हते. मुंबईच्या एकाहि मोठ्या इमारतीवर त्यांचें नांव कोरलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. ते शाळेंतील शिक्षक होते, रोज मुलांस शिकवीत होते, आणि उरलेल्या वेळांत आपलें शहर नीट पाहत होते. नऊ वर्षांचा परका मुलगा म्हणून ते ज्या शहरांत आले, त्याची ओळख पुढच्या पिढ्यांस त्यांच्या लेखणीनें झाली.

ज्या मुलास गर्दीखेरीज कांहीं आठवलें नव्हतें, तो आतां मोठा झाला आहे, आणि त्याचा मुलगा यंदाच्या यादींत आहे. त्याच्या वांट्यास आम्हीं राजाबाई मनोऱ्याचा प्रश्न दिला आहे. तो काय उत्तर घेऊन येतो, हें ऐकण्यास आम्ही उत्सुक आहों. प्रभु तुम्हां सर्वांस सुखरूप नेवो व सुखरूप परत आणो.